पुण्याला शिफ्ट होताना अमेरिकन स्टुडंट लोनचं काय करायचं

तुझा प्रश्न वाचला. अमेरिकन सिटिझन आहेस, ६० हजार डॉलरचं फेडरल (म्हणजे तिथल्या केंद्र सरकारचं) लोन डोक्यावर, पुण्यात महिना तीन लाखाची ऑफर, आणि तिकडचा हप्ता इकडच्या पगारातून कसा झेपणार. मी २०२१ला ऑस्टिनहून आलो तेव्हा माझंही हेच झालेलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुझं लोन जुलै २०१४ नंतरचं असेल (आणि त्याआधीचं जुनं काही फेडायचं बाकी नसेल) तर आयबीआर, म्हणजे उत्पन्नावर हप्ता ठरवणारा प्लॅन घे. त्यात हप्ता लोनवर नाही, टॅक्स रिटर्नमधल्या एजीआयवर (ठरावीक वजावटी काढून उरलेल्या एकूण उत्पन्नावर) ठरतो. एकट्या माणसाला २०२५च्या आकड्याने पहिले २३,४७५ डॉलर सोडायचे, वरच्या रकमेचे १० टक्के वर्षाला. तुझे तीन लाख म्हणजे वर्षाचे साधारण ४० हजार डॉलर धर, तर महिन्याला १३८च्या आसपास येतात.

आता खरी गंमत. परदेशात राहून कमावलेलं उत्पन्न फॉर्म २५५५ भरून वगळता येतं, २०२५साठी १ लाख ३० हजार डॉलरपर्यंत. म्हणजे एजीआय जवळपास शून्य आणि हप्ताही शून्य, आणि तो शून्याचा महिना सुद्धा लोन माफ व्हायच्या २० वर्षांच्या मोजणीत धरला जातो!! मी इथेच माती खाल्ली. माझ्या टॅक्सवाल्याने २५५५ न भरता भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट घेतलं, अमेरिकेचा टॅक्स तसाही शून्यच आला म्हणून मी खूश, पण क्रेडिटने एजीआय कमी होत नाही ना, मग काय, पुढच्या वर्षी हप्ता आला. तुझ्या माणसाला हे आधीच सांग, कारण त्याला टॅक्स दिसतो, लोन दिसत नाही. आणि एकदा २५५५ घेऊन सोडलास तर पुढची पाच वर्षं परवानगीशिवाय परत घेता येत नाही.

अट अशी की कुठल्याही सलग १२ महिन्यांत ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर. त्यामुळे अमेरिकेत आईबाबांकडे दोन महिने जाऊन राहायचा बेत असेल तर दिवस मोजून तिकीट काढ. एफडीचं व्याज, घरभाडं यातून वगळलं जात नाही, ते एजीआयमध्ये येतंच. पहिल्या वर्षी तर जुनं अमेरिकन पगाराचं रिटर्न पुढे येतं, तेव्हा उत्पन्न बदललंय म्हणून नवी कागदपत्रं द्यावी लागतात, त्यात भारतातला पगार मोजला जाऊ शकतो.

दरवर्षी उत्पन्न परत कळवायचं असतं. ओटीपी अमेरिकन नंबरवर येतो, मी नंबर बंद करून बसलो होतो, त्यात जे दोन आठवडे गेले ते विचारू नकोस. नंबर आधीच गूगल व्हॉइसवर (गूगलची इंटरनेटवरून नंबर चालवायची सेवा) पोर्ट कर.

शून्य हप्ता म्हणजे फुकट नाही हां. व्याज चढत राहतं, २० वर्षांनी माफ होणारी रक्कम सध्याच्या नियमात उत्पन्न धरून त्यावर फेडरल टॅक्स लागतो. पाचसात वर्षांत परत जाणार असशील तर थोडं मुद्दल फेडत राहा, मी तेच करतोय. आणि १ जुलै २०२६पासून पुढे नवं फेडरल लोन घेऊ नकोस, नव्या लोनला आयबीआर नाही, रॅप नावाचा नवा प्लॅन आहे, त्यात किमान १० डॉलर भरावेच लागतात आणि माफीला ३० वर्षं.