ट्रायग्लिसराइड, सुटलेलं पोट आणि सेंटरवाल्यांच्या कॅप्सूल

ताई, मिस्टरांचं वय ४१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३६०, पोट सुटलेलं, आणि वेट लॉस सेंटरनं गळ्यात मारलेला तीन महिन्यांचा कोर्स: सकाळी फिश ऑइल, दोन्ही जेवणांआधी सीएलए (चरबी उतरवतं म्हणून विकलं जाणारं एक फॅटी ॲसिड). हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून दचकलोच. अस्सं पॅकेज मलाही दिलं होतं, दुसऱ्या सेंटरनं. म्हणून जरा लांबलचक लिहितोय. मी डॉक्टर नाही, औषधाबाबत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. गोड, दारू, मैदा, चालणं हे तुम्हाला ठाऊकच असणार, ते वगळतो.

फिश ऑइलची बाटली हातात घेऊन मागची बाजू वाचा. समोर ठळक अक्षरांत '१००० मिग्रॅ' असतं. मागे, भिंग घेऊन वाचावं लागेल अशा टायपात, ईपीए १८० आणि डीएचए १२० (ही माशाच्या तेलातली दोन ओमेगा-३). साध्या कॅप्सूलमध्ये सहसा हेच प्रमाण असतं. म्हणजे कामाचं ओमेगा-३ फक्त ३०० मिग्रॅ, बाकी नुसतं तेल. ट्रायग्लिसराइड २० ते ३० टक्के उतरतात ते रोज ४ ग्रॅमच्या आसपास ईपीए-डीएचए पोटात गेलं तर. हिशोब केलात तर अशा १३ कॅप्सूल झाल्या. सेंटर देतं एक! आणि म्हणून स्वतःच्या मनानं १३ गिळायच्या नाहीत. एवढ्या डोसला हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नये. पोट कमी होण्याशी तर फिश ऑइलचा जवळपास काहीच संबंध नाही.

माझं सेंटरशी वाजलं ते याच आकड्यावरून. त्यांच्या बाटलीवर स्वतःचं स्टिकर, 'ओमेगा ब्लेंड १००० मिग्रॅ', बस. ईपीए किती, डीएचए किती, काही नाही. काउन्सेलर बाईंना विचारलं तर, "सर, आमचा स्पेशल फॉर्म्युला आहे, ट्रस्ट करा." हेड ऑफिसला मेल केला, तर उत्तरात डाएट चार्टची पीडीएफ आली. पुन्हा केला, पुन्हा तीच पीडीएफ. फोनवर तिकीट नंबर द्यायचे आणि पुढच्या वेळी तो नंबर सिस्टिममध्ये सापडायचा नाही. पैसे परत मागितले तर सही केलेल्या फॉर्मवर बोट: पॅकेज सुरू झालं की रिफंड नाही. तेवढ्यात माझी उपाशीपोटीची साखर ९८ वरून ११२ झाली. तर म्हणतात, "रात्री भात खाताय का?" अहो, तुमच्याच चार्टमध्ये रात्री भात लिहिलाय!

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सीएलए बंद करायला लावलं, पुढे साखर खाली आली. हा सीएलएचाच प्रताप, असं छातीठोकपणे म्हणणार नाही. त्याच काळात माझ्या नाइट शिफ्टही चालू होत्या. पण शंका घ्यायला जागा आहे. स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी २००२ मध्ये पोट सुटलेल्या ६० पुरुषांवर १२ आठवडे प्रयोग केला होता. सीएलएचा ट्रान्स-१०, सिस-१२ हा प्रकार शुद्ध स्वरूपात घेणाऱ्यांची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता कमी झाली, म्हणजे साखर चढायला वाव. बाजारातल्या कॅप्सूलमध्ये, ज्या बहुतेक करडईच्या तेलापासून बनतात, साधारण निम्मा भाग हाच असतो. उंदरांची चरबी सीएलएनं झपाट्यानं उतरते, जाहिराती त्याच जिवावर. माणसांत सहा महिने नि जास्त घेऊनही वजनातला फरक किलोभराच्या आतलाच. त्यासाठी एवढे पैसे? माझं मत विचाराल तर मिस्टरांचं सीएलए आजच थांबवा.

'ओमेगा ३-६-९' असं लिहिलेलं तर मुळीच घेऊ नका. आपल्या घरात सूर्यफूल नाहीतर सोयाबीनचं तेल असतं, ओमेगा-६ हवं तेवढं मिळतंच. मधुमेह्यांनी हृदयासाठी रोज फिश ऑइलची एक कॅप्सूल घ्यावी म्हणतात, त्याचंही फार कौतुक नको: ब्रिटनमध्ये १५ हजारांवर मधुमेह्यांना सरासरी सात वर्षं रोज १ ग्रॅमची दिली, ऑलिव्ह तेलाची कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा हार्ट अटॅक, स्ट्रोक काही कमी झाले नाहीत. हा निकाल २०१८ चा.

मासे खात असाल तर तारली आणि बांगडा आणा. सुरमई-पापलेटच्या मानानं स्वस्त आणि ओमेगा-३ भरपूर. फक्त रव्यात घोळवून तळू नका, तिखलं करा. शाकाहारी असाल तर जवस भाजून, कुटून चटणी करा, अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. पण जवसातल्या ओमेगा-३ चं शरीरात ईपीए-डीएचए फारच थोडं होतं, त्यामुळे चटणीनं ३६० चे १५० होतील अशी आशा नको. चटणी चटणी म्हणून खा.

पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बिल, सही केलेला फॉर्म आणि बाटलीच्या चारही बाजूंचे फोटो आधी काढून ठेवा. १४ आकडी एफएसएसएआय नंबर (अन्न परवान्याचा) आहे का तेही बघा. मला अर्धेच पैसे मिळाले, तेही रडतखडत.

आणि हो, तुम्ही टाकलेल्या रिपोर्टच्या फोटोत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) दिसला नाही. थायरॉइड मंद असला तरी ट्रायग्लिसराइड चढतात. पुढच्या वेळी रक्त द्याल तेव्हा तोही करून घ्या, आणि आदल्या रात्री पार्टी नको.