मुलाचे वजन आणि घरातली मारहाण

प्रिय ताई,

तुमचा मुलगा वीस महिन्यांचा आहे, गेले काही महिने त्याचे वजन जागचे हललेले नाही, डॉक्टरांनी सांगितलेला आहार तुम्ही मनापासून देता आणि तरीही ‘तुझेच लक्ष नाही’ असे म्हणून पती तुमच्यावर हात उगारतात, असे तुम्ही कळवले आहे. त्याला आणखी काय खाऊ घालू, हा तुमचा प्रश्न आहे. परंतु पत्रात जाता जाता तुम्ही लिहून गेला आहात की, दाराची कडी वाजली की तो चावायचे थांबतो आणि घास गालात धरून बसतो. माझ्या मते दुखण्याचे मूळ बहुधा तिथे आहे.

मुलाला कोणी बोटही लावत नाही, असे तुम्ही आवर्जून म्हणता. मात्र आईला मार बसताना पाहणाऱ्या, नुसता ऐकणाऱ्या मुलाच्या शरीरातही भीतीची संप्रेरके वाढतात. भूक मंदावते, झोप मोडते आणि हे दीर्घकाळ चालले तर वाढीवरही परिणाम होऊ शकतो. आईला मारहाण होते अशा घरांतील मुलांची उंची वयाच्या मानाने कमी राहण्याचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. सर्वच अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत, पण संबंध दुर्लक्ष करण्याजोगा नाही. त्यातच पैसा पतीच्या हाती, दवाखान्यात जायचे तर त्यांची परवानगी आणि जुलाब झाले तरी दोन दिवस वाट पाहायची, अशी तुमची स्थिती आहे. यात तुमचे लक्ष कुठे कमी पडले, हे मला तरी दिसत नाही.

‘दूध आटले’ असेही तुम्ही लिहिता. दूध तयार होणे आणि ते उतरणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. भीती आणि वेदना यांमुळे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक अडते आणि दूध उतरायला वेळ लागतो. निवांत जागी बाळाला जवळ घेतले की ते बहुधा पुन्हा उतरते. दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही पाजायला हरकत नाही, मात्र स्वतः उरलेसुरले खाऊन भागवू नका. या वयात मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण लागते आणि भरवणाऱ्याने समोर बसून त्याच्या कलाने घ्यावे लागते. ती जेवणे शक्यतो घर शांत असताना द्या, संध्याकाळचे पती येण्यापूर्वी उरका. ही नुसती डागडुजी आहे, हे मला ठाऊक आहे.

खरे काम डॉक्टरांकडे आहे. जंतुसंसर्गासारखी अन्य कारणे त्यांनी तपासायलाच हवीत. दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज आली, तर ते तीव्र कुपोषण समजून तातडीने उपचार करावे लागतात. पण घरात काय चालते हे त्यांना माहीतच नसेल, तर ते आहाराचा तक्ताच बदलत राहतील.

घर सोडा किंवा सोडू नका, असे मी सांगणार नाही. बाहेर पडण्याच्या सुमारास धोका अनेकदा वाढतो, म्हणून रागाच्या भरात तसे जाहीर करू नका. या विषयात काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीने आधी आखणी करा. पतीने कधी गळा दाबला असेल किंवा जिवे मारण्याची धमकी दिली असेल, तर मात्र थांबू नका. गळा दाबल्यानंतर वरवर काही दिसत नसले, तरी त्याच दिवशी तपासणी करून घ्यायला हवी.

पती तपासणीला सोबत येतात, त्यामुळे बोलता येत नाही, ही तुमची अडचण खरी आहे. स्त्रीला अशा गोष्टी एकांतातच विचाराव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही म्हटले आहे. तेव्हा ‘मला माझ्या स्वतःच्या तब्येतीबद्दल बोलायचे आहे’ असे परिचारिकेला सांगून आत एकट्या जा, आणि ‘घरी मला मारहाण होते, त्यामुळे तो नीट जेवत नाही’ एवढे एक वाक्य तिथे बोला. पुढचे प्रश्न विचारणे त्यांचे काम आहे.