मेळघाटातल्या लोकांना गाव सोडायचे दहा लाख मिळतात, तरी ते जंगल सोडायला का तयार नसतात?

वाघांसाठी गाव सोडणाऱ्या दर कुटुंबाला दहा लाख, हा आकडा २००८चा, २०२१मध्ये तो पंधरा लाख झाला. पण तुमच्यासारखं विचारणारे घरातही भेटतात, म्हणून लिहितोच.

मी चिखलदरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो, गुगामल राष्ट्रीय उद्यानाला लागून. गाव कोरकू आदिवासींचं, समोरासमोर घरांच्या दोन रांगा. उठवायच्या यादीत नाव आलं, पंचनाम्याला साहेब आले, तक्ते भरायला मास्तर हाताशी होताच. घर, शेत, विहीर, अठराच्या वरची पोरं किती. (सज्ञान पोरगा म्हणजे वेगळं कुटुंब, वेगळे पैसे. यावरून लागलेली भांडणं अजून मिटली नाहीत.) शेवटी एका म्हाताऱ्यानं विचारलं, "गुरुजी, मेरा महू किधर लिखा?"

महू म्हणजे मोह, नाल्याकाठची तीन झाडं. त्याच्या बापानं राखलेली. फुलं गळायला लागली की पहाटे त्यांच्याखाली दुसऱ्या घरचं कुणी टोपली घेऊन जात नसे. सातबाऱ्यावर ती नव्हतीच, जमीन वनखात्याची. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. त्या फुलांवर म्हाताऱ्याचं तेल-मीठ, लग्नातली दारू आणि पावसाळ्यातली नड भागायची.

गाव खाली अकोटकडे गेलं. तिथं जळणही विकत. पैसे जमा झाले त्याच आठवड्यात मोटारसायकलवाले मंडप टाकून बसले.

माझा मेहुणा म्हणतो, "मला द्या पंधरा लाख, उद्या घर सोडतो." हाच माणूस रस्तारुंदीत तीन फूट ओटा जातो म्हणून कोर्टात गेला होता. का, तर ओटा आजोबांनी बांधलेला! मग महू कुणी राखला होता?

तुमच्या ओळखीत असं गाव असेल तर सांगा, सह्या नंतर. आधी २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा टाका आणि त्यात महू, तेंदू, डिंक, चराई सगळं लिहा. गाव उठवायला ग्रामसभेची लेखी संमती लागते, तोंडी 'हो' चालत नाही. अमरावती जिल्ह्यातल्याच पायविहीर गावानं सामूहिक हक्क मिळवून उजाड रानात झाडं वाढवली, सीताफळं मुंबईला विकली.

तसं उठलेल्या गावांच्या जागी कुरणं झालीत, सांबर-गवे चरतात, वाघाचं भलं झालं, हे खरंच. आणि सगळेच नाखूश नाहीत. त्या म्हाताऱ्याचा नातू परत यायचं नाव काढत नाही, त्याला दवाखाना आणि बारमाही रस्ता हवा. मेहुण्याला हे कळू देऊ नका.