गौप्यस्फोटात ‘स्फोट’ कसला?

प्रश्न : ‘गौप्यस्फोट’चा नेमका अर्थ काय? गुपित सांगण्यात स्फोट कसला होतो? आणि लिहावे कसे, ‘गोप्य’ की ‘गौप्य’?

उत्तर : हा स्फोट दारूगोळ्याचा नव्हे. संस्कृतातल्या ‘स्फुट्’ धातूचा अर्थ फुटणे, उमलणे, उघड होणे. ‘स्फुट’ म्हणजे उमललेले, आणि स्पष्टसुद्धा. तोच धातू प्राकृतातून झिजत मराठीत ‘फुटणे’ होऊन आला. आपल्याकडे तांबडं फुटतं, पालवी फुटते, वाचा फुटते, बिंगही फुटतं. यात धमाका कुठेच नाही. आत होते ते बाहेर आले, एवढेच. ज्या अखंड शब्दरूपातून अर्थ प्रकट होतो, त्याला व्याकरणकारांनी ‘स्फोट’ हेच नाव दिले. भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीया’त त्याचा मोठा विचार आहे. बॉम्बस्फोट हा शब्द रोज कानी पडू लागल्यामुळे आपल्याला आता तेवढा एकच अर्थ ऐकू येतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

पूर्वपदाची, म्हणजे ‘गौप्य’ची, कथा तर याहून सुंदर आहे. गुप्त, गुपित, गोपनीय, काठीत पाते दडवलेली गुप्ती हे सगळे ‘गुप्’ धातूचे कुटुंब. या धातूचा मूळ अर्थ राखणे, सांभाळणे. भाषेचा इतिहास पाहणारे अभ्यासक आणखी मागे जातात. आधी ‘गोप’ हा शब्द होता, गो म्हणजे गाय आणि पा म्हणजे राखणे. त्या गुराख्याच्या नावावरूनच पुढे ‘गुप्’ हा धातू घडला, असे ते सांगतात. गाई राखणे, मग काहीही राखणे, आणि शेवटी राखायचे म्हणून झाकून ठेवणे, असा हा प्रवास. म्हणून गौप्य म्हणजे नुसती माहीत नसलेली गोष्ट नव्हे. ती कुणीतरी जाणून राखलेली असावी लागते.

हा अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो. एखाद्या कलावंताने आपला आवडता रंग सांगितला की ‘गौप्यस्फोट’ असा मथळा येतो. तो रंग कुणी दडवला होता? विचारले नव्हते, म्हणून सांगितला नव्हता. बंद दाराआडच्या बैठकीत काय ठरले, हे त्या बैठकीत बसलेल्याने जाहीर केले, तर तो गौप्यस्फोट. कुणाचे गैरकृत्य बाहेरच्याने शोधून चव्हाट्यावर आणले, तर फारसीतून आलेला ‘पर्दाफाश’ अधिक चपखल. ‘फाश’ म्हणजे उघड. खुलासा मात्र वेगळा. तो गुपिताचा नसतो, गैरसमजाचा असतो.

राहिले लेखन. ‘गोप्य’ हे संस्कृत विशेषण, झाकून ठेवण्याजोगे या अर्थाचे. गुपित या अर्थी नाम म्हणून मराठीत ‘गौप्य’ रूढ आहे, तेव्हा ‘गौप्यस्फोट’ असेच लिहावे.