डोळे चांगले, हातात ताकद, तरी तांब्या का सांडतो?

"डोया ते चांगला शेतस, मंग हात काबर चुकस?" काकूंचा पहिला प्रश्न हा होता, आणि त्यात काळजीइतकाच रागही होता.

त्यांचे यजमान म्हणजे चोपडा तालुक्यातले नाना, साठीला टेकलेले, केळीचे बागायतदार. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) दीड महिन्यापूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला. आता ते चालतात, बोलतात, पेपर वाचतात. घडाकडे लांबून पाहून फण्या किती ते अचूक सांगतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर चांगली असल्याचं सांगितलं, उजव्या हाताची पकडही पूर्वीसारखीच घट्ट. पण तांब्या घ्यायला गेले की हात चार बोटं बाजूला पडतो. बशी उलटते, भरितासाठी नेलेली बोटं कांद्यात जातात. शेजारच्यांनी दारूचा संशय घेतला, एका नातेवाइकाने भगताकडे न्यायला सांगितलं. काकूंना वाटे, काम टाळायला हे सोंग चाललंय. मुलगा मात्र वडिलांना भरवायला लागला होता, आणि नाना त्या प्रकाराने खचत चालले होते.

अशा वेळी आधी हात नेमका कधी चुकतो ते पाहावं लागतं. नानांना डोळे मिटून स्वतःचं नाक, मग डावा कान, मग गुडघा उजव्या हाताने शिवायला सांगितलं. एकदाही चुकले नाहीत. म्हणजे हात कुठे आहे हे मेंदूला कळत होतं, आणि लहान मेंदूच्या बिघाडात होते तशी हाताची थरथर किंवा डगमग नव्हती. मग समोर बसलेल्या माणसाच्या नाकावर नजर ठेवायला सांगून, बाजूला साधारण एक वीत अंतरावर पेन धरलं. "दिसतंय का?" "हो, निळं पेन." "घ्या." उजवा हात उजवीकडच्या पेनाच्या पलीकडे गेला, हवेत चाचपडला. डाव्या हाताने डावीकडचं पेन लगेच पकडलं. शेवटी पेनाकडे थेट पाहून घ्यायला सांगितलं, तेव्हा उजव्या हातालाही ते जवळपास पहिल्या झटक्यात मिळालं. सोंग करणाऱ्याला असा नेमका हात, नेमकी बाजू आणि नेमकी अट सांभाळून चुकता येणार नाही. काकूंना आधी हेच सांगितलं.

या दोषाला ऑप्टिक अटॅक्सिया म्हणतात. हंगेरीचे डॉक्टर रेझो बालिंट यांनी 1909 मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यांच्या रुग्णाचाही उजवा हात चुकायचा आणि डावा बरोबर जायचा. डोळे दोन्ही हातांना तेच आणि ताकदही शाबूत, तेव्हा बिघाड दोन्हींच्या मधल्या जोडणीत असणार. नानांच्या एमआरआयमध्ये डाग होता तो डाव्या पार्श्वखंडात, म्हणजे डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात. उजव्या हाताचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूकडे असतो, म्हणून उजव्या बाजूला भोगावं लागलं. स्नायूंना हुकूम देणारी पट्टी त्याच्या पुढे असते. तिला धक्का लागला नव्हता, म्हणून ताकद शाबूत.

डोळ्यांकडून आलेलं चित्र मेंदूच्या अगदी मागे पोचतं आणि तिथून त्याला मुख्य दोन वाटा फुटतात. एक खालून, कानाकडे जाते: ही वस्तू काय आहे ते ओळखणारी. दुसरी वरून, पार्श्वखंडाकडे जाते: हात, बोटं आणि नजर तिकडे कशी न्यायची ते ठरवणारी. माकडांवरच्या कामावरून अंगरलायडर आणि मिश्किन यांनी 1982 मध्ये या दोन वाटा मांडल्या, आणि वरची वाट कृतीसाठी आहे हे गुडेल आणि मिल्नर यांनी 1992 मध्ये पुढे आणलं. त्यांची डी. एफ. नावाची रुग्ण नानांच्या अगदी उलट होती. विषारी वायूने तिची खालची वाट बिघडली होती. समोरची फट उभी आहे की आडवी ते तिला सांगता येत नसे, पण हातात कार्ड दिलं की ती ते बरोबर फटीत सरकवायची. नानांचं खालचं शाबूत, वरचं जखमी. म्हणून फण्या मोजता येतात, तांब्या धरता येत नाही.

वरच्या वाटेवर एकच केंद्र नसतं. रीसस माकडाच्या, म्हणजे सातपुडा रांगेतही आढळणाऱ्या लाल तोंडाच्या माकडाच्या, पार्श्वखंडातल्या एका खोल खाचेत शेजारी शेजारी जागा आहेत: एक नजर वळवण्यासाठी, एक हात लांबवण्यासाठी, एक वस्तूच्या आकाराप्रमाणे बोटं उघडण्यासाठी. त्या प्रत्येकीची पुढच्या, हालचाल ठरवणाऱ्या भागातल्या आपापल्या जागेशी येजा चालते. हात लांबवण्याच्या जागेतल्या अनेक पेशी वस्तूची जागा नजरेच्या रोखापासून मोजतात, नजर जिथे टेकली आहे तिथून ती किती डावी-उजवी या हिशेबाने. तेव्हा टीव्हीकडे पाहत चहा उचलणं, जे आपण विचारही न करता करतो, ते नानांच्या मेंदूला सगळ्यात अवघड गणित आहे. नजर कपावर टेकवली की ते गणित सोपं होतं.

दुसरी एक गोष्ट ऐकून मुलाला आश्चर्य वाटलं. अशा काही रुग्णांत असं दिसलं आहे की वस्तू दाखवून, काही सेकंद थांबून मग हात न्यायला सांगितला, तर चूक वाढण्याऐवजी कमी होते. झटपट हात वरच्या वाटेवर चालतो. थांबलं की खालच्या वाटेवरून आठवणीतली जागा कामाला येते, असा त्याचा अर्थ लावतात. आणि हात निघाल्यावर वस्तू हलली तर निरोगी माणूस हात वाटेतच वळवतो. ही दुरुस्ती अशा रुग्णांना जमत नाही. म्हणजे "लवकर धरा की!" म्हणत कप हातात देणं, हे घरातलं सगळ्यात प्रेमाचं काम, तेच सगळ्यात जास्त सांडवणारं.

त्यावरून घरासाठी ठरलं ते असं. नानांना काहीही हातात द्यायचं नाही, समोर मध्यभागी ठेवायचं आणि आपला हात काढून घ्यायचा. नानांनी आधी मान आणि नजर वस्तूकडे न्यायची, मनात एक-दोन-तीन म्हणायचं, मग हात. हात हवेतून न नेता पाटाच्या किंवा टेबलाच्या पृष्ठभागावरून सरकवत न्यायचा, कारण स्पर्शाची आणि सांध्यांची जाण चांगली आहे. अवघड वाटलं तर डावा हात आधी वस्तूवर ठेवायचा आणि उजवा त्याला भेटवायचा. स्वतःचा हात त्यांना डोळे मिटूनही सापडतो. तांब्या अर्धाच भरायचा, बुडाला रुंद असा घ्यायचा. चहा कानाच्या मगमध्ये, कोमट. जेवताना भाजीची वाटी ताटात नेहमी एकाच जागी.

सराव मात्र जागा बदलत करायचा. दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं, पाच वाट्या आणि प्रत्येकीत एक सुपारी. पहिल्या आठवड्यात सगळ्या वाट्या समोर. मग एकेक वाटी उजवीकडे चार-चार बोटं सरकवायची. वीस वेळा हात, किती चुकले त्याची वहीत नोंद. वीसपैकी सतरा-अठरा बरोबर आले की पुढचं अंतर. थकवा दिसला की थांबायचं, थकल्यावर चुका वाढतात आणि नाना चिडतात. भरवणं त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. न्यूडो आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये माकडांत दाखवलं की मेंदूला इजा झाल्यावर हाताचा सराव नसेल तर उरलेल्या भागातली हाताची जागाही आक्रसते, आणि सरावाने ती टिकते.

तिसऱ्या आठवड्यात गाडी अडली. वहीत वीसपैकी वीस, पण लग्नाच्या पंगतीत पाण्याचा पेला अंगावर. विचारल्यावर कळलं, मुलगा रोज वाट्या त्याच खुणांवर ठेवत होता. नानांनी जागा पाठ केल्या होत्या. डोळ्यांशिवायही त्यांनी त्या सुपाऱ्या उचलल्या असत्या. खुणा पुसल्या, वहीतला आकडा अकरावर आला आणि तिथून खरी सुरुवात झाली. पंगतीत आणखी एक झालं होतं: हात निघाल्यावर कुणीतरी हाक मारली आणि नजर उडाली. तेव्हापासून नानांचा हात निघाला की घरात कुणी बोलत नाही. नातवाने तर याचा खेळच केला आहे.

काही गोष्टींना थेट नकार दिला. मोटारसायकल, कडबाकुट्टी, पंपाचा स्टार्टर, विळा. दुचाकीवर तर डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलेल्या गोष्टीवर हात-पाय चालवावे लागतात, आणि नेमकं तेच बिघडलं आहे. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोलणं जड झालं तर घड्याळात वेळ पाहून 108 लावायचा. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला सहसा पहिल्या साडेचार तासांचीच मुदत असते आणि तालुक्यातून जळगाव गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो.

अडीच महिन्यांनी समोरची वस्तू नाना नीट उचलतात. उजव्या कडेची, गडबडीत, अजून चुकते. काकू आता कप ओट्यावर ठेवतात आणि दोन पावलं मागे सरतात. नानांनी शेवटच्या भेटीत विचारलं, "घड कापायला कधी जाऊ?" बागेत फिरा, घड मोजा, मजुरांना दाखवा, असं सांगितलं. विळ्याचं ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाने, उजव्या बाजूची चाचणी घेतल्याशिवाय ठरणार नाही. तोवर तो गोठ्यात खुंटीला अडकवलेला आहे, आणि खुंटी मुलाने मुद्दाम डाव्या भिंतीला ठोकली आहे.