मेटेमजी व्हीगन करायची आहे, सॉल्टफिशच्या जागी काय घालू?

काहीही घालू नका. (मेटेमजी किंवा मेटम म्हणजे गयानातला पदार्थ, नारळाच्या दुधात आटवलेले कंद, वर गव्हाच्या पिठाचे वाफवलेले गोळे म्हणजे डफ, आणि सोबत सॉल्टफिश, म्हणजे खारवलेला मासा.) सोया चंक्स नको, कच्चा फणस नको, आणि समुद्री शेवाळाचे ते कागद कुस्करून माशाचा वास आणायचा प्रकार तर अजिबात नको. तुमचे प्रश्न दोन आहेत, खारवलेला मासा काढला तर चव कशी टिकवायची आणि नारळाचं दूध फुटू नये म्हणून काय करायचं. दुसऱ्याचं उत्तर एका ओळीचं आहे, आच मंद ठेवा आणि घट्ट दूध शेवटी घाला, तसाही मेटममध्ये रस आटून कंदांना धरला पाहिजे, थोडं तेल सुटलं तर सुटू दे. पहिल्यावर मात्र मला बोलायचंय, कारण याच गोष्टीवरून माझी मुलगी एकदा भरल्या ताटावरून उठली आहे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं गयानात, जॉर्जटाउनला राहतोय. शेजारच्या आंटी (इथे वयाने मोठ्या बाईला सगळे आंटीच म्हणतात) मूळच्या बक्सटनच्या. गुलामीतून सुटलेल्या 128 जणांनी पैसे गोळा करून 1840 मध्ये जो मळा विकत घेतला, ते हे गाव. 1 ऑगस्टला, म्हणजे 1838 मध्ये हे लोक खऱ्या अर्थाने मोकळे झाले त्या दिवशी, आंटींकडे मोठ्या पातेल्यात मेटम शिजतं आणि आम्हाला बोलावणं असतंच. आमची मुलगी कॉलेजपासून व्हीगन आहे, दूध-तूपसुद्धा सोडलंय. हे माहीत असल्यामुळे आंटींनी पातेलं बिनमाशाचं केलं आणि मासा कांदा-टोमॅटोवर परतून वेगळ्या भांड्यात ठेवला, कुणी सांगायलाही लागलं नाही. त्या वर्षी माझे मोठे दीर टोरांटोहून आले होते. त्यांचे तिथे गयानीज मित्र आहेत त्यामुळे इथल्या जेवणाबद्दल आपल्याला सगळं कळतं असं त्यांचं मत. पहिला घास घेतला आणि सगळ्यांसमोर मुलीला म्हणाले, मासा नाही तर हे मेटमच नाही, नुसते उकडलेले कंद आहेत, तुमची ही फॅडं गोऱ्यांची, त्यापायी दुसऱ्यांच्या परंपरेची वाट लावू नका. पोरगी काही न बोलता उठली आणि घरी निघून गेली.

आंटींना मराठी कळत नाही पण काय झालं ते कळलं. त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं, आणि मग त्या भावजींकडे वळून शांतपणे बोलायला लागल्या. 80च्या दशकाच्या सुरुवातीला इथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बर्नहॅम यांच्या सरकारने परदेशी चलन वाचवायला बऱ्याच खाण्याच्या आयातीवर बंदी घातली, त्यात गव्हाचं पीठसुद्धा होतं. लोक तांदळाच्या पिठाच्या पोळ्या आणि पाव करायचे, बाहेरचं पीठ चोरून आणायचे. सॉल्टफिश तर बघायला मिळत नव्हता. आंटी तेव्हा तरुण होत्या, पदरात लहान मुलं होती. म्हणाल्या, तेव्हाही आम्ही मेटम केलं, मासा नाही, डफ नाही, परसातला कसावा, एडो (म्हणजे अळकुड्याच समजा), पिकायला आलेलं प्लँटेन (शिजवून खायचं मोठं केळं), नारळ आणि थाइम, आणि ते मेटमच होतं, माझी मुलं त्याच्यावर वाढली. भावजींनी मान डोलावली आणि विषय बदलला. मुलीची माफी आजपर्यंत मागितलेली नाही.

आता परंपरेचंच बोलायचं तर नीट बोलू. कॅरिबियनमध्ये खारवलेला कॉड आला तो मळेवाल्यांनी आणला. न्यूफाउंडलंड, नोव्हा स्कोशियाकडचा जो हलक्या प्रतीचा मासा युरोपात खपायचा नाही, तो गुलामांचं रेशन म्हणून इकडे पाठवायचे. आणि कंद? ते त्या लोकांनी स्वतः लावले, मळ्याच्या कडेला मिळालेल्या तुकड्यावर, रविवारी, जो काही वेळ स्वतःचा म्हणून मिळायचा त्यात. मग या पदार्थात त्यांचं स्वतःचं काय होतं, ते सांगा. आणि बिनमाशाचं जेवण गोऱ्यांचं फॅड कसं? जमैकात रास्ताफारी पंथ 1930च्या दशकात सुरू झाला, त्यांचं आयटल जेवण म्हणजे हेच, कंद, नारळाचं दूध, थाइम, आख्खी मिरची. कडक पाळणारे तर मीठसुद्धा घालत नाहीत. आपल्याकडे ऋषिपंचमीला अळू, सुरण, रताळ्याची भाजी होते तेव्हा त्यात काय कमी आहे असं कुणी विचारतं का?

मी स्वतः मालवणची आहे, मासे रोज खाते, आंटींच्या हातचा सॉल्टफिश मला फार आवडतो. म्हणूनच सांगते, मासा नसेल तर त्याचं सोंग आणू नका.

करायचं असं. पातळ नारळाच्या दुधात कांदा, लसूण, थाइम आणि मीठ आधीच घाला, आणि मीठ नेहमीपेक्षा सढळ हाताने, कारण मासा खारटपणा द्यायचा तो आता तुम्हाला द्यायचाय, नंतर वरून घातलेलं मीठ कंदात शिरत नाही. तळाला कसावा आणि कोनफळ, मग एडो, ते अर्धे शिजले की रताळं आणि प्लँटेन. प्लँटेन मिळालं नाही तर राजेळी केळं घ्या, पण पिवळं झालेलं, हिरवं नको, ती गोडीच पाहिजे. सगळ्यात वर भेंड्या आख्ख्या, आणि डफचे गोळे. डफमध्ये बरेच लोक लोणी-दूध घालतात, तुम्ही नारळाच्या दुधात मळा. गोळे रसात बुडता कामा नयेत, कंदांवर बसून वाफेवर फुलले पाहिजेत, तोवर झाकण उघडायचं नाही. विरीविरी मिरची (इथली छोटी, गोल, तिखटजाळ) आख्खी सोडा, फुटली तर पातेलं हातचं गेलं. थाइम नसेल तर पानओवा चालतो, इथेही जाड पानांचा थाइम म्हणून तोच वापरतात, पण दोन-तीन पानंच.

आणि माशाबरोबरचं जे परतलेलं असतं, कांदा, टोमॅटो, थाइम, मिरची, ते खोबरेल तेलात कडा करपेपर्यंत परतून वाढताना वर घाला. लोकांना सॉल्टफिशची चव म्हणून आठवतं त्यातलं अर्धं या कांद्यात असतं.

दोन गोष्टी राहिल्या. कसावा फ्रोझन असेल तरी चालेल पण मधली दोरी काढा आणि पूर्ण शिजवा, कच्चट राहिला तर खाऊ नका. दुसरं म्हणजे तुमच्याकडे येणारे पाहुणे गयानीज असतील आणि मासा खाणारे असतील तर त्यांच्यासाठी तो वेगळ्या भांड्यात करा, आंटींनी केला तसा. त्यांना तो हवा असणं चुकीचं नाही, कुठून का आला असेना, दोनशे वर्षं खाल्लेला मासा त्यांचाच झालाय. फक्त जी मुलगी खात नाही तिच्या ताटाकडे बघून कुणी बोलायला लागलं तर गप्प बसू नका, तिथल्या तिथे बोला.