संगणक आधी परत आणा

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. तुमचं कोल्हापुरात उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, बनवायचं वर्कशॉप आहे. मुलगा बारावी सायन्सला. दहावीला ८९ टक्के होते, अकरावीला ६२ वर आला. रात्री जागून तो ‘डूम’ नावाच्या जुन्या बंदुकीच्या गेममध्ये ‘काहीतरी बनवत’ बसतो. तुम्ही त्याचा संगणक उचलून तालमीतल्या मित्राच्या घरी ठेवलात, त्याला अंबाबाईची शपथ घ्यायला लावलीत, आणि आता विचारताय की जेईईचा कुठला क्लास लावू आणि हे खूळ डोक्यातून काढू कसं.

क्लासचं पुढे बघू. माझं लक्ष तिसऱ्या पानावरच्या दोन ओळींवर अडकलंय. तुम्ही लिहिलंय, ‘एकवीस दिवस झाले, जेवायला बसतो पण बोलत नाही.’ आणि त्याच्या वर लिहिलंय, ‘नेण्याआधी म्हणाला होता, बाबा एकदा बघा तरी काय केलंय. मला वेळ नव्हता.’

सतरा वर्षांचं पोरगं आपण केलेलं काम आपणहून बापाला दाखवायला येतं, हे रोज घडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आया-बापांची तक्रारच ही असते की मुलगा काही सांगत नाही. तुमचा सांगायला आला होता. वर्कशॉपच्या कर्जाचा हप्ता किती, हे तुम्ही त्याला रोज जेवताना ऐकवता, असंही पत्रात आहे. कर्ज तुम्ही काढलंय, ते त्याच्या ताटात वाढू नका. मार्क ६२ वर का आले ते मला अजून माहीत नाही, पण या घरात भीतीने अभ्यास होईल असं मला वाटत नाही. रविवारी जाऊन संगणक परत आणा.

आणला की त्याच्या शेजारी दोन तास बसा. काय बघायचं ते मी सांगते, कारण कोल्हापुरात हे काम पटकन कळेल अशी माणसं पॅटर्नवालीच.

‘डूम’ १० डिसेंबर १९९३ला आला. त्यातला एकेक मजला, ज्याला पोरं ‘नकाशा’ म्हणतात, म्हणजे वरून काढलेलं ड्रॉईंग असतं, तुमच्याकडे येतं तसं. आधी बिंदू, बिंदू जोडून रेषा, रेषांनी बंद केलेला भाग म्हणजे ‘सेक्टर’. प्रत्येक सेक्टरला जमिनीची एक उंची आणि छताची एक उंची द्यायची. रेषेच्या बाहेर सगळं भरीव. म्हणजे मुलगा खोली बांधत नाही, तो भरीव वस्तूत पोकळी ठेवतो. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतकामात, पोकळी राहावी म्हणून साच्यात कोअर घालून तुम्ही जे करता, तेच.

मापं चुकली की इथेही जॉब बाद. खेळणाऱ्या माणसाची उंची ५६ एकक. त्याहून बुटक्या दारातून तो जात नाही. पायरी २४ एककांची चढतो, २५ची नाही. दार म्हणजे एक अरुंद सेक्टर, ज्याचं छत जमिनीला टेकवलेलं असतं. त्याच्या रेषेला ‘उघड’ असा हुकूम जोडला की छत वर सरकतं. मूळ गेममध्ये एका खोलीवर दुसरी खोली ठेवताच येत नाही, त्यामुळे दुमजली वाड्याचा भास करायचा तर उंची आणि खिडक्यांची युक्ती लढवावी लागते. पोरं या युक्त्यांवर रात्र रात्र घालवतात.

तुम्हाला स्वतः करून बघायचं असेल तर त्याला म्हणावं, ‘अल्टिमेट डूम बिल्डर’ हा नकाशे काढायचा प्रोग्रॅम उघड. एक चौकोन काढा, जमीन ०, छत १२८. आत खेळाडूची सुरुवातीची जागा ठेवा, ती विसरलात तर खेळायला जागाच मिळत नाही. शेजारी दुसरा चौकोन चिकटवा, मधल्या जागेत दार करा. ‘जीझेडडूम’मध्ये, म्हणजे डूम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवून बघा. भिंतीवरचं चित्र दोन बोटं सरकलेलं दिसेल, ते जुळवा. पहिल्या दिवशी एवढं पुष्कळ.

आता तुमचा एक मोठा गैरसमज. तुम्ही लिहिलंय, ‘दुसऱ्याच्या कंपनीच्या फाईली फोडतो, हे हॅकिंग आहे, उद्या पोलीस दारात येतील.’ नाही येणार. हा गेम करणाऱ्यांनी, म्हणजे ‘आयडी सॉफ्टवेअर’ने, नकाशे, चित्रं आणि आवाज मूळ प्रोग्रॅमपासून वेगळ्या ‘वॅड’ फाईलीत ठेवले. लोकांनी आपले नकाशे जोडावेत हा त्यामागचा उघड हेतू होता. १९९७मध्ये त्यांनी प्रोग्रॅमचा सोर्स कोडही खुला केला. तुमचा मुलगा स्वतःची वेगळी वॅड फाईल बनवतो, मूळ फाईलीला हातही लावत नाही. मात्र मूळ गेमची चित्रं आणि नकाशे आजही कंपनीच्या मालकीचे आहेत. त्याने ते फुकट उतरवले असतील तर ती चोरी आहे, आणि तिथे मी तुमच्या बाजूने. गेम विकत घ्यावा, नाहीतर मूळ चित्रं-नकाशांच्या जागी ‘फ्रीडूम’ वापरावं, ते मोफत आणि कायदेशीर आहे.

मुलालाही दोन शब्द. काउंटर-स्ट्राईक हे १९९९मध्ये हाफ-लाईफ या गेमवरचं मॉड, म्हणजे चाहत्यांनी त्या गेमवर उभारलेला नवा खेळ, होतं आणि २०००मध्ये वाल्व्ह कंपनीने ते करणाऱ्या दोघांसकट घेतलं, ही गोष्ट तू बाबांना सांगितलीस म्हणे. गोष्ट खरी आहे, पण तिच्या भरवशावर बारावी सोडायची नाही. बाबांच्या पत्रावरून तुझे सात नकाशे अर्धवट आहेत. सातातला सर्वांत छोटा घे, पूर्ण कर, दोन अनोळखी लोकांना खेळायला दे आणि ते कुठे अडकतात ते गप्प बसून बघ. अर्धवट कामाकडे बघून मी कुणालाच सल्ला देऊ शकत नाही. आणि रात्री अकराला संगणक बंद. हे बाबांच्या धाकाने नको, तू स्वतः कबूल कर.

परीक्षांचं म्हणाल तर सीईटी द्यावी, इथल्याच कॉलेजात कॉम्प्युटर मिळालं तरी उत्तम. डिझाईनचा कल दिसला तर जानेवारीतली यूसीड, म्हणजे डिझाईनच्या पदवीची प्रवेश परीक्षा, द्यावी. जेईईचा महागडा क्लास आत्ता लावू नका, त्याला नको असलेल्या परीक्षेसाठी नवं कर्ज होईल.

पुढच्या महिन्यात दोघं भेटायला या. अकरावीची फिजिक्सची उत्तरपत्रिका आणि पुरा झालेला एक नकाशा, दोन्ही आणा. तोवर रविवारी शेजारी बसाल तेव्हा फिजिक्सचा विषय काढू नका. ड्रॉईंग बघून तुम्हाला जे सुचेल तेच विचारा, हे दार एवढं उंच का ठेवलंस, वगैरे. उत्तर द्यायला तो वेळ घेईल. तेवढा थांबा.